औषध कोणतं मारताय, ते आधी विचारा

गेल्या अंकात आपण घरातल्या किडीबद्दल प्रश्न मागवले होते आणि खरं सांगतो, एवढे येतील असं वाटलं नव्हतं. पाऊस तोंडावर आला की झुरळं, वाळवी, डास सगळ्यांचंच एकदम सुरू होतं, त्यामुळे असेल. मी या कामात चोवीस वर्षं आहे, त्यातली पहिली नऊ वर्षं पाठीवर पंप घेऊन ठाणे-कल्याण पट्ट्यात घरोघरी फिरलोय, नंतर पुण्यात. सारखेच प्रश्न होते ते एकत्र केलेत. नावं कुणाची छापलेली नाहीत, फक्त गाव दिलंय.

नमस्कार दादा, डोंबिवलीला आमचा वन बीएचके आहे. किचनमध्ये बारीक बारीक झुरळं झालीत, ट्रॉली उघडली की पळतात. वर्षात तीनदा पेस्ट कंट्रोल केलं, दरवेळी पंधरा दिवस बरं वाटतं मग परत तेच. शेजारी म्हणतात हर्बलवालं करा. काय करू?

ताई, तीनदा करूनही परत येतायत याचा अर्थ तुमच्याकडे तीनही वेळा नुसता फवारा मारून गेलेत असं मला वाटतंय. ही जी बारीक, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या रेघा असलेली झुरळं असतात ती जर्मन झुरळं. ती गटारातून येत नाहीत, ती तुमच्या किचनमध्येच जन्मतात, तिथेच राहतात. मादी आपली अंड्यांची पिशवी शेपटाकडे चिकटवून फिरते, एका पिशवीत तीस-चाळीस अंडी, आणि ती पिशवी फवाऱ्याने मरत नाही. म्हणजे फवारा मारला, समोर दिसली ती मेली, आठ-पंधरा दिवसांनी पिल्लं बाहेर आली, की तुम्ही परत फोन करणार. शिवाय फवाऱ्याच्या वासाने उरलेली झुरळं मागच्या भिंतीत, शेजाऱ्यांच्या ओट्याखाली सरकतात ते वेगळंच.

याच्यावर काम करतं ते जेल, म्हणजे झुरळांनी खावं म्हणून ठिपक्यांनी लावायचं औषध. पण ते लावायची पद्धत असते आणि ती घाईत होत नाही. मी एकदा कल्याणला एका काकूंच्या घरी गेलो होतो, त्यांचं किचन म्हणजे आरसा, कुठे एक डाग नाही, आणि तरी झुरळं. सगळ्या ट्रॉल्या काढल्या, काही नाही. शेवटी मिक्सर उलटा केला आणि त्याच्या खालच्या जाळीतून टॉर्च मारला तर आत चहापावडरसारखी काळी विष्ठा आणि पंधरा-वीस पिल्लं, मोटरच्या उबेला बसलेली. तर बघायच्या जागा ह्या: मिक्सरचा तळ, फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरजवळ, ट्रॉलीच्या बिजागऱ्या, सिंकच्या खालचा पाइप जिथे भिंतीत जातो ती फट, गॅसच्या शेगडीचा तळ, वायफायचा डबा सुद्धा. जेलचा ठिपका मोहरीपेक्षा थोडा मोठा, एवढाच, पण असे चाळीस-पन्नास ठिपके बरोब्बर त्या फटींच्या तोंडाशी. झुरळ ते खाऊन घरट्यात जाऊन मरतं, बाकीची त्याची विष्ठा आणि मेलेलं झुरळ खातात, त्यांच्याही पोटात जातं, म्हणून आतली साखळी तुटते. जेल लावल्यावर त्या जागी बाजारचा स्प्रे मारायचा नाही आणि फिनेलने पुसायचं नाही, नाहीतर झुरळ त्याला तोंडच लावत नाही. पंधरा-वीस दिवसांनी परत एकदा येऊन ठिपके बघून, संपलेत तिथे नवीन लावायला हवेत. हे दुसरं येणं आधीच ठरवून घ्या.

आणि हर्बल म्हणजे काय ते त्यांना विचारा बरं. ज्याला हर्बल म्हणून विकतात ते बहुतेक वेळा हेच जेल असतं, त्यात इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिल असतं, आणि ही दोन्ही रीतसर कीटकनाशकं आहेत, झाडपाल्याचा काही संबंध नाही. वास येत नाही म्हणून हर्बल म्हणायचं ही लोकांची फसवणूक आहे आणि मला त्याचा राग येतो, कारण हर्बल ऐकून आई मुलाला त्याच ट्रॉलीतला चमचा देते.

चिपळूणजवळ आमचं कौलारू घर आहे, आजोबांच्या वेळचं. देवघराच्या चौकटीवर मातीची रेघ आलीय, पुसली की परत येते. रॉकेल टाकलं, उपयोग नाही. मुंबईहून माणूस बोलावला तर तो म्हणतो पूर्ण घर ड्रिल करावं लागेल, तीस-पस्तीस हजार. खरंच लागतं का?

ती रेघ म्हणजे वाळवीचा रस्ता. वाळवीला उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही म्हणून ती मातीची नळी बांधत त्यातून ये-जा करते, आणि तिचं घर त्या चौकटीत नाही, जमिनीत आहे. म्हणून रॉकेलने रेघेतल्या मरतात आणि राणी खाली मजेत अंडी घालत राहते. तुम्ही पुसण्याआधी एक करायला हवं होतं, ती नळी कुठून सुरू होते ते खालपर्यंत बघायचं. अजूनही करा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चौकट खालून वर ठोकत या, जिथे आवाज पोकळ येईल तिथे आत खाल्लंय. वाशे आणि पोटमाळ्याचं लाकूड पण असंच ठोकून बघा, कोकणात भिंतीतून वर चढून थेट छपराला लागलेली वाळवी मी कितीदा बघितलीय.

ड्रिलचं म्हणाल तर पद्धत योग्य आहे, तिचं भारतीय मानक सुद्धा आहे, आयएस ६३१३, त्याचा तिसरा भाग आधीच बांधलेल्या घरांसाठी. त्यात भिंत आणि फरशी जिथे मिळते तिथे साधारण १२ मिमीचं भोक, एक-एक फुटावर, खाली मातीपर्यंत जाईल एवढं खोल, आणि भोकाला साधारण एक लिटर पातळ केलेलं औषध, मग सिमेंटने बुजवायचं. हे 'एक लिटर' लक्षात ठेवा कारण चोरी इथेच होते. भोकं शंभर पाडतात आणि औषध सगळं मिळून वीस लिटर सोडतात, वरून तुम्हाला कळत नाही. भोकं मोजा, बादल्या मोजा, उभे राहा तिथे. औषध क्लोरपायरीफॉस आहे की इमिडाक्लोप्रिड ते विचारा. पहिल्याला उग्र वास असतो. दुसरं वाळवीला जाणवतच नाही त्यामुळे ती त्यातून चालत जाते आणि बाकीच्यांना नेऊन देते, राहत्या घरात मी तेच घेतो.

पूर्ण घर लागेल का? जुनं कौलारू घर, शेणाची जमीन किंवा कोबा, एका ठिकाणी वाळवी दिसली म्हणजे खाली जमिनीत आहेच, तेव्हा फक्त देवघराला औषध घातलं तर ती पडवीतून वर येणार. म्हणून जोत्याच्या आतून बाहेरून पूर्ण वळसा घेतला तर बरं. पण जमीन फरशीची नसेल, मातीचीच असेल तर ड्रिलचा खर्च एवढा कशाला, कडेने बारीक चर खणून त्यात औषध सोडता येतं. हे त्याला विचारा आणि चिपळूण-रत्नागिरीतला माणूस बघा, मुंबईहून आणायची गरज नाही, कारण वर्षभरात परत एकदा बघायला यावं लागतं आणि मुंबईवाला येणार नाही. घराला लागून लाकडं, नारळाच्या झावळ्या रचलेल्या असतील तर त्या आधी हलवा. छपराचं पाणी भिंतीत मुरत असेल तर ते पण. ओल आहे तोवर वाळवी आहे.

(सांगलीहून एकांनी विचारलंय की सागाच्या कपाटाखाली रोज पिठासारखा भुसा पडतो, ही वाळवी का. नाही. पीठ पडतंय म्हणजे घुण, लाकूड पोखरणारा भुंगा, त्याला जमिनीत ड्रिल करून काही होत नाही. बारीक भोकांत सिरिंजने तेलातलं औषध भरून मेणाने बुजवायचं. कोणी तुम्हाला यासाठी घरभर ड्रिल करायला लावत असेल तर नाही म्हणा.)

मुलगा पुण्यात हॉस्टेलला होता, सुट्टीत घरी आला आणि आता आमच्या नवी मुंबईच्या घरात ढेकूण झालेत. दोन वेळा फवारलं, गेले नाहीत. ओळखीतले एकजण म्हणतात धान्यात टाकायच्या गोळ्यांच्या पुड्या मिळतात, त्या गादीखाली ठेवून घर एक दिवस बंद ठेवायचं, एकदम खात्रीचं काम. घरात सासूबाई आणि चार वर्षांची मुलगी आहे, आम्ही तो दिवस नणंदेकडे जाऊ. चालेल का?

नाही. नाही म्हणजे नाही ताई, आणि हे उत्तर अंक येईपर्यंत थांबायला नको म्हणून संपादकांनी तुम्हाला आधीच फोन केलाय.

त्या पुड्यांत ॲल्युमिनिअम फॉस्फाइड असतं. हवेतल्या ओलाव्याशी लागलं की त्यातून फॉस्फीन नावाचा वायू निघतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम वायू. गोदामात धान्याच्या थप्पीवर ताडपत्री टाकून, कडा दाबून, लोकांना लांब ठेवून, माप घेऊन जे वापरतात तो हा वायू. त्याच्यावर उतारा नाही, डॉक्टरांकडे असं कुठलंच इंजेक्शन नाही जे दिलं की विष उतरतं. आणि तो भिंत मानत नाही. तुम्ही नणंदेकडे जाल, पण तुमच्या वरच्या मजल्यावर, बाजूला, बाथरूमच्या डक्टमधून, एसीच्या पाइपच्या भोकातून, लाइटच्या पट्टीतून तो शेजाऱ्यांच्या झोपायच्या खोलीत जाईल. आपल्याकडे अशीच माणसं गेलीत, ढेकणासाठी एका फ्लॅटमध्ये ठेवलेल्या पुड्यांनी शेजारच्या फ्लॅटमधली लहान मुलं गेलीत. मुलाला उलट्या होतात, घरच्यांना वाटतं बाहेरचं काही खाल्लं असेल, आणि वेळ निघून जाते. तुम्ही परत आल्यावर सुद्धा पुडीत न संपलेली पावडर असते, ती वायू सोडत राहते आणि चार वर्षांची मुलगी त्याच गादीवर झोपणार. कायद्याने हे औषध घरगुती वापरासाठी सर्वसामान्य माणसाला विकताच येत नाही. सरकारी यंत्रणा किंवा तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणारे परवानाधारक, एवढ्यांनाच त्याची मुभा आहे. ओळखीतल्यांनी त्या पुड्या घरी आणून ठेवल्या असतील तर त्यांनाही हे वाचायला द्या, आणि पुडी उघडायची नाही, पाण्यात तर मुळीच टाकायची नाही.

तुमच्या सोसायटीत कोणी पेस्ट कंट्रोल करून घर बंद करून गेलं आणि शेजारी लसणासारखा किंवा कुजलेल्या माशासारखा वास आला, मळमळलं, तर सगळ्यांना खाली उतरवा आणि १०८ ला फोन करा. वास आला नाही म्हणून वायू नाही असंही समजू नका.

आता ढेकणांचं. ते जातात, पण चिकाटी लागते. ढेकणाची अंडी औषधाने सहसा मरत नाहीत, आठ-दहा दिवसांत पिल्लं बाहेर येतात, म्हणून पहिल्या फवारणीनंतर बारा ते पंधरा दिवसांनी दुसरी हवीच. तुमचं दोन वेळा झालं म्हणता, मध्ये किती दिवस गेले? महिना-दीड महिना गेला असेल तर पिल्लं मोठी होऊन परत अंडी घालायला लागली. शिवाय फवारणीच्या नेहमीच्या, पायरेथ्रॉइड नावाच्या गटातल्या औषधांना बऱ्याच ठिकाणचे ढेकूण दाद देत नाहीत, म्हणून दोन्ही वेळा कोणतं औषध मारलं त्याचं नाव विचारा, तेच असेल तर तिसऱ्या वेळी दुसऱ्या गटातलं मागा. बेडचे स्क्रू काढून फळ्या सुट्या करून फवारलं होतं का? बॉक्सचा बेड तसाच उभा ठेवून वरून मारलेला फवारा वाया जातो. गादीच्या शिवणीत काळे ठिपके असतात तिथे, हेडबोर्डच्या मागे, भिंतीवरच्या कॅलेंडर-फ्रेमच्या मागे, स्विचबोर्डच्या कडेला.

आमच्या लहानपणी चाळीत रविवारी सगळे पलंग गॅलरीत निघायचे आणि सांध्यांवर उकळतं पाणी ओतायचे, ते काही अडाणीपणाचं नव्हतं. ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही उष्णतेने मरतात. चादरी, उशांचे अभ्रे, पडदे, मुलाची हॉस्टेलची बॅग, जे धुता येईल ते कडकडीत पाण्यात, ६० अंशांच्या पुढे, मग इस्त्री शिवणीवरून दाबून. आजकाल स्टीम मशीन असलेली माणसं मिळतात, गादीला आणि सोफ्याला ती वाफ द्या, तीस-चाळीस टक्के काम तिथेच होतं असा माझा स्वतःचा अंदाज आहे. आणि त्या दिवसांत दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नका, ढेकूण मागे येतो.

घरात मोठं फिशटँक आहे आणि सून पाच महिन्यांची गरोदर आहे. दिवाळीआधी पेस्ट कंट्रोल करायचंय, चालेल ना? (औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर)

फवारणी पुढे ढकला, झुरळांसाठी जेल करा, ते सुद्धा सूनबाई दुसऱ्या खोलीत असताना. वाळवी वगैरेचं मोठं काम असेल तर त्यांना त्या दिवसांत माहेरी राहू द्या आणि त्यांच्या डॉक्टरांना औषधाचं नाव कळवा. मासे: पायरेथ्रॉइड माशांना अगदी थोडं पुरतं. टँक घराबाहेर हलवता येत नसेल तर फवारणी त्या घरात नकोच, नुसतं वरून प्लास्टिक टाकून हवेचा पंप चालू ठेवलात तर पंप तेच औषध आत ओढतो. मांजर असेल तर तेही सांगा, त्याच गटातलं परमेथ्रिन मांजराला सोसत नाही.

नागपूरला बंगला आहे, मागे नाला. उंदीर आणि घुशी दोन्ही. मेडिकलवाल्याने ट्यूबमधली पेस्ट दिलीय, पावाला लावून ठेवायची म्हणाला.

काका, ती पेस्ट कसली आहे ते ट्यूबवर बघा. पिवळा फॉस्फरस असेल तर घरात ठेवूच नका. ती चुकून पोटात गेली तर पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस माणसाला बरं वाटायला लागतं, घरचे निर्धास्त होतात, आणि मग लिव्हर जायला लागतं. याच्यावर उतारा नाही. पावाला लावलेलं तर लहान मूल आधी उचलतं.

त्याऐवजी ब्रोमाडायोलोनच्या वड्या, ०.००५ टक्केवाल्या, आमिष ठेवायच्या कुलूपबंद डब्यात (बेट बॉक्स), कंपाउंडच्या भिंतीला लागून. हे रक्त पातळ करणारं आहे, उंदीर चार-पाच दिवसांनी मरतो, म्हणून घरच्यांच्या हाताला लागलं तरी वेळ मिळतो आणि व्हिटॅमिन के-वन हा त्याचा उतारा आहे. घराच्या आत मात्र विष नको, आत पिंजरा. नाहीतर मेलेला उंदीर फॉल्स सीलिंगमध्ये राहतो आणि आठवडाभर वास. पण हे सगळं नंतर. आधी संध्याकाळी टॉर्च घेऊन घराला फेरी मारा, करंगळी जाईल एवढ्या भोकातून छोटा उंदीर येतो, पाइपभोवतीच्या फटी, मोरीची तुटलेली जाळी, ती लोखंडी काथ्या कोंबून सिमेंटने बुजवा. हे करणारा माणूस शोधा, वड्या कोणीही टाकतो.

आमच्या सोसायटीत दर शनिवारी धूर मारतात तरी डेंग्यूचे पेशंट सापडले. कॉन्ट्रॅक्टर बदलू का? (ठाणे)

धुराने उडणारा डास मरतो, पाण्यातली अळी नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि अंड्यापासून उडायला साधारण आठ-दहा दिवस घेतो, अंडी तर कोरड्या कुंडीच्या कडेला चिकटून कित्येक महिने टिकतात आणि पाणी मिळालं की फुटतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळ्यांची भांडी, फ्रिजचा मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीतले टायर रिकामे करून घासून कोरडे. टाकीची झाकणं. न उपसता येणाऱ्या पाण्यात गप्पी मासे, पालिकेच्या कीटकनाशक विभागात विचारा. कॉन्ट्रॅक्टरला एवढंच विचारा की अळ्या बघायला तो गच्चीवर कधी गेला होता.

माझा मुलगा एका पेस्ट कंट्रोल कंपनीत कामाला लागलाय, चार महिने झाले. संध्याकाळी आला की डोकं दुखतं म्हणतो, जेवत नाही, हातांना खाज. घरी सांगायला लाजतो. तुम्ही त्याच कामातले आहात म्हणून विचारते. (सोलापूर)

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. बाकी सगळे प्रश्न औषध घेणाऱ्यांचे आहेत, हा एकच मारणाऱ्याच्या घरचा.

त्याला हे विचारा. नोझल तुंबलं की तो तोंडाने फुंकतो का? मी पहिली दोन वर्षं फुंकायचो, कोणी सांगितलंच नव्हतं. नोझल पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशने साफ करायचं, तोंडाला कधी लावायचं नाही. औषध कालवताना हातमोजे रबराचे हवेत, कापडाचे औषध शोषून घेतात आणि दिवसभर कातडीला लावून ठेवतात. साधा कापडी मास्क चालत नाही, फिल्टरवाला लागतो आणि तो देणं मालकाचं काम आहे. पंप गळत असेल तर पाठ ओली होते, शर्ट बघा, कमरेच्या वर डाग आहे का. कामाचे कपडे वेगळे धुवा, घरच्यांच्या कपड्यांत नको, आणि आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसू देऊ नका. दुपारचा डबा खाण्याआधी साबणाने हात, आणि तंबाखू मळायची सवय असेल तर ती कामावर तर बंदच.

डोकं दुखण्याबरोबर खूप घाम, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, छातीत घरघर असं झालं तर त्याच मिनिटाला सिव्हिल हॉस्पिटलला. क्लोरपायरीफॉससारख्या, ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांची बाधा अशी दिसते आणि तिच्यावर ॲट्रोपिन नावाचं इंजेक्शन असतं, पण डॉक्टरला औषध कोणतं ते कळलं पाहिजे. डब्यावर चौकोनात रंगाचा त्रिकोण असतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. आता चार महिने झालेत तर एकदा डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्याच, डोकेदुखीची गोळी देऊन भागवू नका. आणि त्याला सांगा, रोज कामाला सुरुवात करायच्या आधी ज्या डब्यातून औषध ओततो त्या डब्याच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये काढून तुम्हाला पाठवायचा, म्हणजे तो घरी आला तेव्हा दिवसभर कशात होता ते तुम्हाला माहीत असेल.